रिकाम्या गॅलरीचा पुरावा

दुलीप करंडकाचं काय करायचं, हा वाद आपल्याकडे पुन्हा पेटला आहे. 2024 मध्ये विभागीय संघ मोडून त्यांच्या जागी ‘भारत अ’ ते ‘भारत ड’ असे चार संघ उतरवले गेले आणि 2025 मध्ये विभाग परत आले. त्यावरच्या एका परिसंवादात एका ज्येष्ठ क्रीडासमीक्षकाने ठासून सांगितलं, की असल्या स्पर्धा बंदच करायला हव्यात. दाखला त्यांनी आयर्लंडचा दिला. तिथली गेलिक फुटबॉलची आंतरप्रांतीय स्पर्धा नव्वद वर्षं चालली, शेवटी गॅलऱ्या ओस पडल्या आणि ती बंद झाली. लोकांच्या मनातून प्रांत गेला, म्हणून स्पर्धा गेली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

हा युक्तिवाद मला मुळातच नामंजूर आहे. दाखला आयर्लंडचा असल्यामुळे उत्तरही आयर्लंडमध्येच शोधलं पाहिजे. आपल्याकडे परदेशातलं उदाहरण दिलं की ते तपासायला कोणी जात नाही, आणि मग त्याच्या आधारावर इथल्या चांगल्या गोष्टी मोडीत निघतात.

गेलिक फुटबॉल पंधरा-पंधरा खेळाडूंचा असतो. चेंडू हाताने आणि पायाने, दोन्हींनी खेळवता येतो. गोलखांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर एरवी एक. 1884 साली थर्ल्स गावात स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन हा खेळ चालवते. खेळाडूंना मानधन नाही. शिक्षक, शेतकरी, इलेक्ट्रिशियन दिवसाचं काम संपवून सरावाला येतात. आधी गावचा क्लब, मग काउंटी, अशी ही निष्ठेची उतरंड आहे. 32 काउंट्यांची विभागणी अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर आणि कॉनॉट या चार प्रांतांत झालेली आहे.

प्रांतांची स्पर्धा म्हणजे रेल्वे कप. ग्रेट सदर्न रेल्वेज कंपनीने करंडक दिले, पहिले अंतिम सामने 1927 साली झाले आणि फुटबॉलमध्ये मन्स्टर जिंकलं. पुढे अनेक दशकं अंतिम सामन्याचा दिवस ठरलेला होता, 17 मार्च, सेंट पॅट्रिकचा दिवस, आणि जागाही ठरलेली, डब्लिनचं क्रोक पार्क. फुटबॉल आणि असोसिएशनचाच काठी-चेंडूचा खेळ हर्लिंग, दोन्हींचे अंतिम सामने पाठोपाठ व्हायचे. 1954 साली त्या दिवशी 49 हजारांवर माणसं मैदानात होती.

मनातून प्रांत गेला, हे विधान आधी तपासू. 12 ऑक्टोबर 2024 रोजी याच क्रोक पार्कवर रग्बीचा सामना झाला, लेन्स्टर विरुद्ध मन्स्टर. 80,468 प्रेक्षक आले. त्याआधी 2 मे 2009 रोजी याच दोन प्रांतांच्या उपांत्य सामन्याला 82,208 लोक होते आणि क्लब रग्बीतला तो तेव्हाचा जागतिक उच्चांक ठरला. प्रांत तेच, त्यांच्या सीमा त्याच, कित्येकदा माणसंही तीच. लिमरिकमध्ये रविवारी काउंटीचं हर्लिंग बघणारा माणूस शनिवारी थोमंड पार्कमध्ये मन्स्टरच्या लाल जर्सीत ओरडत असतो. हा माणूस प्रांत विसरला, असं म्हणणाऱ्याने लिमरिक पाहिलेलं नाही.

आमच्या समीक्षकमित्रांना ही बाब ठाऊक नसेल असं नाही. ती त्यांच्या मांडणीत बसत नव्हती म्हणून त्यांनी ती वगळली, आणि माझा खरा राग त्या वगळण्यावर आहे. गर्दीच्या आकड्यावर निवाडा द्यायचा तर सगळे आकडे टेबलावर ठेवावे लागतात.

रग्बीने केलं काय? 1995 मध्ये खेळ व्यावसायिक झाला तेव्हा आयर्लंडकडे चार प्रांतिक संघ तयार होते. त्यांनाच पगारी संघ केलं, युरोपच्या स्पर्धेत उतरवलं, वर्षभराचं वेळापत्रक दिलं, स्वतःचं मैदान दिलं. मन्स्टरने 2006 आणि 2008 मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवलं. त्या संघांत न्यूझीलंडचे आणि दक्षिण आफ्रिकेचे खेळाडूही होते आणि लोकांनी त्यांना आपलं मानलं. म्हणजे प्रांताबद्दलची ओढ जन्माच्या दाखल्यावर टिकत नाही. पुढच्या शनिवारी आपला संघ कुठे आणि कधी भेटेल हे माणसाला माहीत असलं, म्हणजे ती टिकते.

उलट गेलिक फुटबॉलच्या आंतरप्रांतीय स्पर्धेचं काय झालं? ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 17 मार्चचं क्रोक पार्क क्लबांच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यांकडे गेलं. क्लब स्पर्धा त्या मानाला पात्र होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रेल्वे कपला त्या बदल्यात कायमचा दिवस कोणी दिला नाही. कधी शरद ऋतूत, कधी फेब्रुवारीत, कधी डिसेंबरात, जिथे पंचांगात भोक दिसेल तिथे स्पर्धा कोंबली गेली. मग कुणाच्या तरी मनात आलं की देशात प्रेक्षक येत नाहीत तर स्पर्धाच परदेशी न्यावी. हर्लिंगचा अंतिम सामना 2003 मध्ये रोमला झाला, फुटबॉलचा 2004 मध्ये पॅरिसला. त्यानंतर बोस्टन झालं आणि 2009 मध्ये हर्लिंग अबू धाबीला गेलं. बोस्टनला निदान आयरिश वस्ती मोठी आहे. पण मेयोच्या शेतकऱ्याला कॉनॉटचा सामना बघायचा तर विमानाचं तिकीट काढायला लावणं आणि नंतर तो आला नाही म्हणून प्रांत संपल्याचं जाहीर करणं, हा अन्याय आहे. 2010 आणि 2011 मध्ये तर स्पर्धाच झाली नाही. डिसेंबर 2016 मध्ये फुटबॉलचा शेवटचा रेल्वे कप कॅरिक-ऑन-शॅननला झाला. अल्स्टरने कॉनॉटला 2-16 विरुद्ध 3-10 असं हरवलं. दोन गोल आणि वरून सोळा म्हणजे 22 गुण, समोर 19. सामना इतका अटीतटीचा, आणि बघायला मोजकी माणसं. डिसेंबरात तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर स्पर्धा गुंडाळली गेली.

इथवर उत्तर सरळ दिसतं. दिवस आणि जागा परत द्या, माणसं येतील. हे उत्तर मलाही आवडलं असतं, पण इतिहास ते पुरतं टिकू देत नाही. गर्दी आटायला सुरुवात तो दिवस गेल्यावर झालेली नाही. ती साठच्या दशकात ओसरू लागली आणि सत्तरच्या दशकात पार रोडावली. तेव्हा दिवस 17 मार्चच होता आणि मैदान क्रोक पार्कच. म्हणजे नुसत्या तारखेने आणि जागेने सगळं उलगडत नाही.

दुसरं कारण दूरचित्रवाणीचं. आयर्लंडची राष्ट्रीय वाहिनी 31 डिसेंबर 1961 रोजी सुरू झाली. अडीच महिन्यांनी, 17 मार्च 1962 रोजी, तिने गेलिक खेळांचं पहिलं थेट प्रक्षेपण केलं आणि त्यासाठी निवडले ते रेल्वे कपचे अंतिम सामने. त्याआधी मिहॉल ओ’हेअरच्या रेडिओ समालोचनातून लोकांनी मन्स्टरच्या हर्लिंगपटू क्रिस्टी रिंगचा खेळ ऐकला होता. तो डोळ्यांनी बघायचा तर हमखास संधी 17 मार्चला. रिंगने 1942 ते 1963 या काळात मन्स्टरकडून रेल्वे कपची 18 पदकं मिळवली. इतकी दुसऱ्या कोणालाही मिळाली नाहीत. चारी प्रांतांतले उत्तम खेळाडू एका दुपारी, एका तिकिटात बघायला मिळणं, ही या स्पर्धेची खरी ओढ होती. ती पडद्याने घरात आणून दिली. अखिल आयर्लंड स्पर्धेत काउंटीची लढाई असते, तिथे नुसतं बघून भागत नाही, हजर राहावं लागतं. रेल्वे कपला लोक मुख्यतः बघायला येत होते, म्हणून पडद्याचा घाव आधी त्याला बसला.

आता रग्बीची तुलनाही थोडी अवघड होते. रग्बीत प्रांताच्या खाली काउंटी उभी नाही. गेलिक फुटबॉलमध्ये आहे, आणि ती फार मोठी आहे. मन्स्टरमधल्याच कॉर्कच्या माणसाला शेजारच्या केरीच्या फॉरवर्डसाठी टाळ्या वाजवायला सांगणं सोपं नाही, कारण उन्हाळ्यात त्याच फॉरवर्डने त्याचं काळीज जाळलेलं असतं. अपवाद अल्स्टरचा. त्याच्या नऊ काउंट्यांपैकी सहा उत्तर आयर्लंडमध्ये, तर डोनेगाल, कॅव्हन आणि मोनाहन प्रजासत्ताकात. 1921 च्या फाळणीने मधून सरहद्द काढली, पण असोसिएशनने प्रांत तोडला नाही. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या वर्षांतही तिथल्या डेरीचा आणि डोनेगालचा खेळाडू एकच पिवळी जर्सी घालत होता. ब्रायन मॅकएनिफ यांनी या संघाचं व्यवस्थापन वर्षानुवर्षं निष्ठेने केलं आणि 1991 ते 1995 अशी सलग पाच वर्षं अल्स्टर जिंकलं. त्या पाच विजयांना प्रेक्षक किती होते, हा प्रश्न मला क्षुद्र वाटतो.

गर्दी हे या स्पर्धेचं मापच नव्हे, असं आता मला ठामपणे म्हणायचं आहे.

पॅकी मॅकगार्टीचं उदाहरण घ्या. तो लिट्रिम काउंटीचा फॉरवर्ड, त्याच्या पिढीतल्या अव्वल फुटबॉलपटूंपैकी एक. 1957 ते 1960 अशी सलग चार वर्षं लिट्रिम कॉनॉटच्या अंतिम सामन्यात पोहोचलं आणि चारही वेळा गॉलवेने त्यांना हरवलं. प्रांताच्या विजेत्यालाच पुढे वाट होती, हरलेल्याचा उन्हाळा तिथेच संपायचा. त्यामुळे ऐन भरात असलेल्या मॅकगार्टीला काउंटीकडून अखिल आयर्लंडचा दरवाजा कधी उघडलाच नाही. पण 1957 आणि 1958 मध्ये कॉनॉटने रेल्वे कप जिंकला, आणि त्या संघात तो होता. ज्या गॉलवेवाल्यांनी उन्हाळ्यात त्याला अडवलं, त्यांच्याच बरोबर मार्चमध्ये तो क्रोक पार्कवर जिंकला.

फर्मॅना काउंटीने अल्स्टरचं विजेतेपद एकदाही मिळवलेलं नाही, विक्लोने लेन्स्टरचं नाही. तिथे चांगले खेळाडू जन्मत नाहीत असं कोण म्हणेल? 2022 च्या जनगणनेत डब्लिनची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती, लिट्रिमची 35 हजार. काउंटीची स्पर्धा ही तफावत भरून काढू शकत नाही आणि काउंटी बदलायची प्रथा तिथे फारशी नाही. अशा खेळाडूला बरोबरीच्या माणसांत उभं करणारी एकच व्यवस्था होती, आणि तीच तिकीटविक्री बघून मोडीत काढली गेली.

ऑक्टोबर 2024 मध्ये ही प्रांतांची लढत थोड्या वेळासाठी परतली. असोसिएशनने नेमलेल्या जिम गॅव्हिन यांच्या समितीने फुटबॉलचे नवे नियम तयार केले होते. गोलापासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण, हा त्यांतला एक. त्यांची चाचणी घ्यायला चार प्रांतिक संघ क्रोक पार्कवर बोलावले. लेन्स्टर-मन्स्टर रग्बीच्या त्या सामन्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर अल्स्टरने कॉनॉटला हरवलं. नियम नोव्हेंबरअखेर मंजूर झाले. प्रयोगशाळा म्हणून प्रांत चालतो, हे असोसिएशनला पटलं. मग स्पर्धा म्हणून का चालू नये?

जागेबद्दलही मी आता वेगळं म्हणेन. 17 मार्चचं क्रोक पार्क परत मागण्यात अर्थ नाही. 82,300 माणसांच्या त्या मैदानात दहा हजार लोकही हरवून जातात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं रिकाम्या खुर्च्यांचे फोटो छापतात. सामने प्रांतांच्या आपल्या मैदानांवर व्हावेत: अल्स्टरचा क्लोन्सला, मन्स्टरचा किलार्नीला, कॉनॉटचा कॅरिकला. कॅरिकचं मैदान चुकीचं नव्हतं, डिसेंबर चुकीचा होता. तारीख एकदाच ठरवावी आणि किमान दहा वर्षं तिला हात लावू नये. तिकीट नाममात्र असावं, शाळांतल्या मुलांना फुकट. आणि प्रत्येक प्रांतिक संघात दुबळ्या काउंट्यांचे काही खेळाडू असलेच पाहिजेत, हा नियम लेखी करावा.

समीक्षकमित्रांनी आयर्लंडचा दाखला पुन्हा जरूर द्यावा, पण पुरता द्यावा. लिट्रिमने कॉनॉटचं विजेतेपद आजवर दोनदाच मिळवलं आहे, 1927 मध्ये आणि 1994 मध्ये. तिथे आज वाढणाऱ्या गुणी खेळाडूला देशातल्या उत्तम फुटबॉलपटूंच्या बरोबरीने मोठं काही जिंकायचं असेल, तर प्रांतिक संघाशिवाय दुसरा भरवशाचा रस्ता नाही.