मेस्तने दिलेली वही

डिचोली तालुक्यातल्या मये गावचा एक मुलगा पेडण्यातल्या एका मेस्तकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, कामाला लागला. वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक होता. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला, तो राहिलाच. टायर बसले, हौद्याला गंजाने भोकं पडली, शेवटी भंगारवाल्याने तो ओढून नेला. अशा घरात वाढलेल्या मुलाला आयटीआय करून लवकर हातात पैसा यावा असं वाटणार, यात नवल नाही. मुलगा चलाख होता, कष्टाळू होता. घाई तेवढी फार.

मेस्त धारगळचा. पंप, मोटारी, घरांची वायरिंग ही त्याची कामं. इब्रामपूरच्या कुळागरांपासून केरी-हरमलच्या किनाऱ्यावरच्या खोल्यांपर्यंत त्याची स्कूटर फिरायची. अवजारांची पिशवी स्कूटरच्या पायाशी आणि खिशात एक लाल मुठीचा जुना स्विस चाकू. मेहुणा तारवटी, त्याने कधीकाळी बोटीवरून येताना आणलेला. मूठ एका बाजूने घासून फिकट झालेली. त्यात होतं काय? दोन पाती, एक डबा उघडायचं, एक बाटली उघडायचं, आणि पाठीला एक टोचा. उघडण्यांच्या टोकांनी स्क्रूही फिरवता यायचे. मुलाला ते हत्यार अगदीच गरीब वाटे.

पहिला पगार हातात पडला तो शुक्रवारी. मुलगा म्हापशाच्या बाजारात गेला आणि एका गाड्यावर त्याला हवं ते मिळालं. पक्कड, चाकू, करवत, कानस, माशाचे खवले काढायची पट्टी, जेवायचा काटा, वर एक छोटी बॅटरी. सगळं एकाच मुठीत घडी होऊन बसलेलं. आरशासारखं चकाकत होतं. त्याने भाव केला, घेतलं, आणि सोमवारी कामावर आल्या आल्या मेस्तला दाखवलं.

मेस्तने एकेक अवजार उघडून पाहिलं, मिटलं, परत दिलं. म्हणाला, "बरं आहे. वापरून बघ."

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पार्से गावातल्या एका घरून निरोप आला. पंप फिरतोय, पाणी येत नाही. घरात माणसांची ये-जा, ओट्यावर केवणीच्या दोरांनी गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधणं चाललेलं, नारळ आणि सुपारीचे घोस वर चढत होते. दुसऱ्या दिवशी पन्नास माणसं जेवायला. मेस्तने पंपावर कान ठेवला आणि रोग ओळखला: विहिरीकडून येणाऱ्या पाइपच्या जोडातली रबरी चकती फाटली होती, पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता. त्याने मेन स्विच पाडला, बोल्ट सोडायला घेतले आणि मुलाला सांगितलं, "ट्यूब आहे पिशवीत. चकती काप."

मुलाने नवं हत्यार काढलं. बाजारात कागद सर्रकन कापणारं पातं रबरावर नुसतं घसरायला लागलं. आधी त्याने जोर वाढवला, मग टोक रुतवून ढकलायला लागला. त्या पात्याला लॉक नव्हता आणि सांधाही ढिला. पातं उलटं मिटलं ते थेट त्याच्या बोटावर. रक्त पाहून घरातल्या आजीने हळद आणून दाबली. चिंधी बांधून मुलगा पुन्हा उभा राहिला. एक जाम झालेला नट धरायला त्याने पक्कड उघडली, दाबली, आणि मधला रिवेट सैल होऊन पकडीचे दोन्ही जबडे एकमेकांवरून सरकले.

मेस्तने आपला चाकू काढला. ट्यूबचा तुकडा लाकडी फळीवर ठेवला, पातं न दाबता ओढत ओढत गोल फिरवलं, टोच्याने चार बोल्टांची चार भोकं पाडली. चकती बसली, पंप भरला, स्विच चढवला. नळाला आधी फसफस झाली, मग पाणी आलं.

परतीच्या वाटेवर मेस्त काही बोलला नाही. चतुर्थीनंतर कामं सुरू झाली तेव्हा त्याने मुलाच्या हातात एक शाळकरी वही ठेवली. "दुसरा चाकू घ्यायचा असेल तर घे, पण दिवाळीनंतर. तोवर माझ्या पिशवीतली हत्यारं वापर. जे हत्यार हातात घेशील त्याचं नाव लिही, आणि कशासाठी घेतलंस तेही."

"काका, चाकूच घ्यायचा आहे ना? दुकानातला माणूस सांगेल की."

"दुकानातल्याला तुझं काम कुठे माहीत आहे, बाबू?"

मुलगा लिहीत गेला. पातं: वायरीवरचं रबर सोलायला. पातं: खोक्याची पट्टी कापायला. चपटा स्क्रू. फुलीचा स्क्रू. पातं. टोचा: लाकडी बोर्डावर भोक धरायला. पातं. पक्कड. फुलीचा स्क्रू. पानांमागून पानं अशीच. करवतीचं नाव कुठेच नाही, कानशीचं नाही, जेवायच्या काट्याचं तर नाहीच. पक्कड मात्र बऱ्याचदा आली होती. तिथे मेस्तने बोट ठेवलं. "ही कुठली पक्कड?"

"पिशवीतली. लाल मुठीची."

"तिच्या मुठीवर 1000 व्होल्ट लिहिलेलं आहे. खिशातल्या घडीच्या पकडीची मूठ उघड्या लोखंडाची. ती कितीही भारी असली तरी करंटच्या कामाला धरायची नाही. म्हणजे तुझी पक्कड पिशवीतच राहणार. खिशात काय पाहिजे ते आता तू सांग."

मला या गोष्टीत ही वहीच सगळ्यात मोलाची वाटते. खिशात वागवायचा चाकू निवडायला बसलं की माणूस त्यात किती गोष्टी आहेत ते मोजतो. आपल्याला लागतात किती, हे मोजायला कोणी बसत नाही. असे खिशातले चाकू जगात ज्यांनी घडवले त्यांनी मात्र तिथूनच सुरुवात केली होती. कार्ल एल्सनर या स्विस कारागिराने 1884 साली इबाख गावात चाकूंचा कारखाना काढला आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला शिपायाचे चाकू दिले. शिपायाला बंदूक खोलायची होती आणि जेवणाचे डबे उघडायचे होते, म्हणून त्या चाकूत पातं, पेचकस, डबा उघडायचं आणि टोचा एवढंच होतं. 1897 च्या अधिकाऱ्यांच्या चाकूत त्याने आणखी एक लहान पातं आणि बुचाचा स्क्रू घातला, तोही एवढ्या युक्तीने की सहा अवजारांना दोनच स्प्रिंगा पुरल्या. अमेरिकेतला टिम लेदरमन 1975 मध्ये एक जुनी फियाट घेऊन बायकोसोबत युरोपात हिंडत होता. गाडी सारखी बिघडे, खिशात चाकू होता, नडत होती ती पक्कड. पकडीला चाकू जोडलेलं त्याचं हत्यार विक्रीला यायला 1983 उजाडलं. ज्याचं वाहन वाटेत बंद पडतं त्याच्यासाठी ते हत्यार उत्तम आहे. आपल्या मुलाची नड वेगळी होती.

दिवाळीनंतर मेस्तने त्याला कोरगावात माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या एका रेंदेराकडे नेलं. दुपारची वेळ. माडावर चढण्याआधी रेंदेराने कंबरेची काती काढली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला, फळीवर दोनचार हात मारले आणि वर गेला. सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायची आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, तासायची, असं दिवसातून तीनदा चढणं. वरून खाली पडलेला पोयीचा काप मुलाने उचलून उजेडाला धरला. पलीकडची बोटं दिसत होती. काती जुनी होती, तिला दुसरं कुठलंच काम नव्हतं, आणि धार लावल्याविना ती एकदाही माडावर गेली नव्हती.

मग दोघे पणजीला एका जुन्या हत्यारांच्या दुकानात गेले. या वेळी मुलानेच चाकू पारखले. पातं उघडून टोक धरलं आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. जो डुगडुगला तो बाजूला. मिटलेला चाकू उजेडाला धरला. दोन थरांमधून उजेड आला तो बाजूला, कारण त्या फटीत किनाऱ्यावरची वाळू शिरणार. उघडताना स्प्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी लागते का, शेवटी टक् असा आवाज येतो का, लॉक अंगठ्याने मुद्दाम सोडल्याशिवाय सुटतो का, हे तपासलं. टोक रुतवायचं काम त्याच्या वहीत होतं, म्हणून लॉकचाच घ्यायचा हे ठरलेलं होतं. पोलाद कोणतं, ते विचारलं. फार कडक पोलाद धार टिकवतं खरं, पण साध्या दगडावर लवकर लागत नाही. रॉकवेलच्या मापात 55-56 च्या आसपासचं स्विस पोलाद घरच्या दगडावर पाच मिनिटांत पुन्हा कापायला लागतं. रोज वापरणाऱ्याला हेच सोयीचं. शेवटी जो घेतला त्यात एक मोठं पातं, दोन्ही तऱ्हेचे पेचकस, डबा उघडायचं आणि टोचा. म्हापशाच्या हत्याराच्या कितीतरी पट किंमत पडली. मुलाने ती दोन पगारांतून फेडली.

चाकू घेतल्यावरची शिकवणी हरमलच्या कामावर झाली. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेसही गंजतं, आणि गंज धरतो तो दिसणाऱ्या पात्यावर नव्हे, आतल्या सांध्यात. मेस्त दर शनिवारी आपला चाकू पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धरायचा, फडक्याने टिपून तासभर उन्हात ठेवायचा, मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. मुलाने एकदा घरातलं खोबरेल घातलं होतं. काही दिवसांनी ते चिकट झालं, त्यावर धूळ बसली आणि पातं जड उघडायला लागलं. धार लावताना दगडाशी वीसेक अंशांचा कोन, दोन्ही बाजूंना सारखे हात. आणि पात्याच्या टोकाने स्क्रू कधीच फिरवायचा नाही, कारण एकदा मोडलेलं टोक घासून परत आणलं की पातं आखूड होतं.

मुलगा आता स्वतःची कामं घेतो. त्याच्या हाताखालीही एक पोर आहे, आणि त्या पोराकडे वही आहे.

माझ्या मते पेडणे-डिचोलीत अशी कामं करणाऱ्याला एवढाच चाकू पुरतो: लॉकचं एक पातं, दोन पेचकस, एक टोचा, आणि पिशवीत वेगळी 1000 व्होल्ट लिहिलेल्या मुठीची पक्कड. घेण्यापूर्वी महिनाभर तरी आपापली वही लिहा. आणि मोपा किंवा दाबोळीहून विमानाने जायचं असेल तर चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नका. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतात. घरून निघतानाच तो चेक-इनच्या सामानात टाका.