पदविकेनंतरचा पहिला करार

चित्रपटाचा कर्ता कोण? फिल्मशाळेत तीन वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर कानावर पडतं : दिग्दर्शक. फ्रेंच समीक्षकांपासून ऋत्विक घटकांपर्यंत सगळ्यांचे दाखले त्याच बाजूने दिले जातात. भारतीय कॉपीराइट कायदा मात्र चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो. दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, ध्वनिमुद्रक यांच्या हाती काय उरतं, ते त्यांनी कोणत्या कागदावर सही केली त्यावर ठरतं. हा कायदा १९५७चा आहे, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटपेक्षाही जुना. तरी तो विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटतो तो अंधेरीतल्या एखाद्या ऑफिसात, ‘इथे इथे सही करा’ असं सांगितलं जातं तेव्हा.

पदवीनंतरच्या आयुष्याची तयारी म्हटलं की आपल्याकडे लगेच प्लेसमेंट सेल सुचतो. चित्रपटाच्या धंद्यात मुळात नोकऱ्याच नाहीत, असतात ती कामं. ती एका शेड्यूलपुरती मिळतात आणि बहुधा कुणाच्या तरी फोनवर. उलट बाजूला, वर्गात पैशांचा विषय निघाला की कला बाटली असं मानणारे जुने जाणते आहेत. त्यांचा सूर मला ओळखीचा वाटतो, आणि त्यांच्या हेतूबद्दल शंकाही नाही. पण त्यांनी आपल्याच संस्थेचा इतिहास पुन्हा एकदा नीट वाचावा.

प्रभात स्टुडिओच्या जागेत इन्स्टिट्यूट सुरू झाली १९६० साली, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं. दशक संपता संपता ‘भुवन शोम’ आणि ‘उसकी रोटी’ आले. दोन्हींना कॉर्पोरेशनचा पैसा आणि दोन्हींचा छायालेखक के. के. महाजन, इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला तरुण. पुढे हे कॉर्पोरेशन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं, त्यातून कुंदन शाहचा ‘जाने भी दो यारों’ निघाला. पाठोपाठ दूरदर्शनवर ‘नुक्कड’ आली, कुंदन शाह आणि सईद मिर्झा या दोन माजी विद्यार्थ्यांची. फिल्म्स डिव्हिजनचं काम होतंच. या पिढीच्या प्रतिभेचं कौतुक करताना आपण हे सोयीस्कर विसरतो की दाराबाहेर तिची वाट बघत एक सरकारी घर उभं होतं. आज त्यातलं बरंचसं आवरलं गेलंय. फिल्म्स डिव्हिजन आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२मध्ये एनएफडीसीत विलीन झाले. ते घर नसताना मुलांना ‘स्वतःचा आवाज शोधा, बाकीचं होईल’ असं सांगणं ही मला सरळ फसवणूक वाटते.

आणि त्या पिढीतही ज्यांनी वेगळी वाट काढली ते पैशांबाबत भाबडे नव्हते. अदूर गोपालकृष्णन पुण्याहून केरळात परतले ते १९६५च्या सुमारास. त्यांचा ‘स्वयंवरम्’ आला १९७२ साली. मधली वर्षं वाया गेली नाहीत. त्यांनी सोबत्यांसह तिरुवनंतपुरममध्ये ‘चित्रलेखा’ फिल्म सोसायटी काढली, मग निर्मितीसाठी सहकारी संस्था उभी केली. सिनेमाआधी त्यांनी प्रेक्षक घडवला आणि सिनेमा बनवण्याची सोय केली. मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम तर घटकांचा लाडका शिष्य, बेशिस्तीच्या दंतकथांचा धनी. पण ‘अम्मा अरियन’साठी त्याच्या ओडेसा गटाने गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली, तेव्हा त्याने वितरण आणि अर्थपुरवठा दोन्ही उलटे फिरवून दाखवले. फिल्मशाळेत जॉनच्या चौकटी शिकवतात. त्याचा जमाखर्च कुणी शिकवत नाही.

म्हणून शिकवायचं काय, तर पहिल्यांदा करार वाचायला. नमुन्याचं एक कलम घ्या : ‘आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी.’ विश्वात! मुलं हसतात आणि सही करतात. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम इतकं ऐसपैस का लिहितात, ते हे ठाऊक असलं की कळतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर पटकथाकार, गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा समान वाटा करारानेसुद्धा सोडून देता येत नाही. दिग्दर्शकाला आणि छायालेखकाला असं संरक्षण नाही. हे पटकथेच्या तासाला सांगितलं तर पटकथेचं काय बिघडणार आहे?

पैसे कधी मिळतात, हाही अभ्यासाचाच विषय हवा. मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पेमेंट ही रूढी आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेल्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवावं लागतं, उशीर झाला तर व्याज लागतं, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६चा कायदा म्हणतो. पहिल्याच कामात असिस्टंटने निर्मात्याला कायदा दाखवावा असं मी सुचवत नाही. दुसरा फोन येणार नाही. पण आपल्याला मिळतंय ते उपकार आहेत की उशिरा दिलेली मजुरी, एवढं तरी त्याला कळावं.

हे नव्वद दिवस सगळ्यांना सारखे नसतात. वांद्र्यात आईवडिलांचं घर असलेला मुलगा ते फेस्टिव्हलचे अर्ज भरत काढतो. परभणीची मुलगी वर्सोव्यात चौघींत खोली घेते, डिपॉझिट आणि दलालाचा एक महिना आधीच गेलेला असतो, आणि तिसऱ्या महिन्यात ती मिळेल ते काम धरते किंवा गावी परतते. कुणाचा सिनेमा आपल्याला बघायला मिळतो, हे बरंचसं इथे ठरतं. त्यातून ती मुलगी, म्हणजे अडचणी आणखी. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला केरळ सरकारने २०१७ साली नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल २०२४मध्ये बाहेर आला. लैंगिक छळाच्या जोडीला त्यात सेटवर स्वच्छतागृह नसणं आणि लेखी करार नसणं यांचीही नोंद आहे. कागद नसला की तक्रार कुणाविरुद्ध करायची इथपासून अडतं.

पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांच्या २०१५च्या संपात २००८ साली प्रवेश घेतलेली मुलं अजून आवारात कशी, यावर पुष्कळ टिंगल झाली. रखडलेलं वेळापत्रक हे एक कारण होतंच. पण कॅन्टीन, कॅमेरा आणि रात्रभर वाद घालणारे मित्र सोडून जायचं कुठे, हा प्रश्नही त्यात असणार असं मला वाटतं. तिथले मित्र हीच खरी शिदोरी हे खरं. तरी तिथल्याच उमेश कुलकर्णींच्या ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ला लाभलेले लेखक गिरीश कुलकर्णी संस्थेबाहेरचे होते. नाट्यसंस्था, जिल्ह्याच्या गावांतले लिहिणारे, अगदी हिशेबनीससुद्धा, यांची गाठ शिकत असतानाच पडायला हवी.

यासाठी नवा विभाग नको, पाहुण्या व्याख्यात्यांचा सप्ताहही नको. सुरुवात डिप्लोमा फिल्मपासून करता येईल. तिची निर्माती बहुधा संस्थाच असते आणि हक्कही तिच्याकडेच राहतात. म्हणजे विद्यार्थ्याचा पहिला निर्माता वर्गातच बसलेला आहे. शूटिंगच्या आधी त्याच्याशी लेखी करार व्हावा, मुदत आणि प्रदेश यांवर घासाघीस व्हावी, चित्रपट कुठे विकला गेला तर चमूला किती, हे ठरावं. विद्यार्थी याला तयार होतील. संस्था स्वतःचं कलम वर्गात चर्चेला ठेवायला तयार होतील का, याची मला तेवढी खात्री नाही.