एक मोडली, आठ काढल्या

तत्त्वज्ञानाचे प्रश्न ज्यांना पडायला हवेत त्यांना ते झाडाखाली, नदीकाठी, निदान आरामखुर्चीत तरी पडतात. बँकेतल्या माणसाला असा प्रश्न पडायचाच झाला तर तो जेवणाच्या सुटीत, आणि तोही शाखाधिकारी बाहेर गेलेले असतील तरच पडावा, अशी रीत आहे. मला मात्र तो बीडला बार्शी नाक्याजवळच्या एका गॅरेजात, उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असताना पडला. प्रश्न असा, की आठांपैकी एकानं दम सोडला तर उरलेल्या सातांना घरी पाठवायचं का?

मी कॉमर्सचा पदवीधर. घसारा काढण्याच्या दोन्ही पद्धती मला झोपेत म्हणता येतात. स्थिर प्रभागाची आणि ऱ्हासमान शेषाची. पण जी वस्तू हिशेबाच्या वहीत कधीच शून्य झालेली आहे आणि तरीही घाट चढते आहे, तिचं काय करावं हे दोन्ही पद्धती सांगत नाहीत. माझी गाडी ही अशीच वस्तू आहे. १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी, वडिलांकडून वारसाहक्कानं आलेली. सोबत आलेलं त्यांचं अस्थम्याचं दुखणं मला बाधलं नाही, ते गाडीनं घेतलं.

ही पद्मिनी निघायची केव्हाच बंद झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी बरेच अश्रू गाळले. आमची मात्र लिंबाखाली उभी आहे आणि अधूनमधून चालतेही. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह. गॅरेजात त्यांना नुसतं ‘वॉल’ म्हणतात.

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारं. प्रत्येक सिलिंडरला दोन. एकातून पेट्रोल आणि हवा आत यायची, दुसऱ्यातून धूर बाहेर जायचा. आता गंमत बघा. दार उघडायला केवढा लवाजमा आहे! खाली कॅमशाफ्ट फिरतो, तो टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉड ढकलतो, पुशरॉड रॉकरला डोकं हलवायला लावतो, आणि मग कुठं दार उघडतं. आणि उघडलेलं दार लावायला कोण? एक स्प्रिंग. आपल्याकडे उद्घाटनाला मंत्री असतात आणि कार्यक्रम संपल्यावर कुलूप लावायला शिपाई, तसंच हे.

व्हॉल्व्ह मिटल्यावर ज्या कडेवर टेकतो तिलाही ‘सीट’च म्हणतात, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी जवळीक वाटू लागली. व्हॉल्व्ह सीटवर बसला नाही की सिलिंडरातला दाब निसटतो आणि गाडी ओढत नाही. आमच्याकडेही क्लार्क सीटवर नसला की काम ओढत नाही. (२०२४ च्या करारानंतर आम्ही क्लार्क उरलो नाही, कस्टमर सर्व्हिस असोसिएट झालो. सीट मात्र तीच आहे.) फरक इतकाच, की व्हॉल्व्हला सीटवर परत आणायला स्प्रिंग आहे आणि आम्हाला फक्त शाखाधिकारी.

या स्प्रिंगेच्या कामाचा मी एकदा हिशेब मांडला. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो आणि तितक्याच वेळा मिटतो. म्हणजे तासाला नव्वद हजार वेळा. बीडहून छत्रपती संभाजीनगरला जायला आमच्या गाडीला तीन तास धरले, तर एका फेरीत दोन लाख सत्तर हजार उठाबशा! एवढ्या उठाबशा काढलेला माणूस आमच्या बँकेत अजून व्हायचा आहे. आणि स्प्रिंगेला महागाईभत्ता नाही.

तर अशी एक स्प्रिंग मांजरसुंब्याच्या घाटात मोडली. गाडी आधी टकटक करू लागली, मग कार्ब्युरेटरमधून शिंकू लागली, आणि मग आम्ही उरलेल्या तीन सिलिंडरांवर, मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांचे आशीर्वाद घेत घरी आलो. मोडलेली स्प्रिंग पुढं हातात घेतली तेव्हा कळलं, की तिचे दोन तुकडे एकमेकांत अडकून बसले होते आणि त्या अवस्थेतही घरापर्यंत तिनं जमेल तसं दार लावलं होतं. वैद्यकीय रजेचा अर्ज नाही, काही नाही.

गॅरेजचे मालक म्हणजे आमचे चाचा. वय सत्तरीच्या आसपास, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं दख्खनी, आणि हात पूर्ण काळे. त्यांनी झाकण काढलं, बॅटरी मारली आणि निकाल दिला, “साहेब, एक गेली. आता आठच्या आठ बदला.”

“पण चाचा, बाकीच्या सातांनी काय केलं?”

“कुछ नहीं केलं. म्हणून तर आत्ता काढायच्या. केल्यावर काढून काय फायदा?”

या युक्तिवादाला तोड नव्हती. सगळ्या एकाच दिवशी बसल्या, सगळ्यांनी सारखंच काम केलं, सारखाच ताप सोसला. एक गेली म्हणजे बाकीच्या रांगेत आहेत. आणि उद्या त्यातली एखादी अशी मोडली, की व्हॉल्व्ह सुटून आत पडला, तर पिस्टन त्याच्यावर आदळणार आणि मग स्प्रिंगेच्या जागी इंजिनच भरून द्यावं लागणार.

रात्री जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. आमची ही पोळी वाढता वाढता म्हणाली, “म्हणजे उद्या माझी एक दाढ दुखली तर बत्तीसच्या बत्तीस काढायच्या का?”

मी म्हणालो, “दाढेची गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी ते सांगा.”

मला ते सांगता येईना. आमटी मात्र मी जरा जास्त वाढून घेतली. बोलायचं नसलं की आमटी उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी काम बघायला गेलो. माझी समजूत होती, की यासाठी इंजिनाचं हेड उतरवावं लागेल. चाचांनी पोराला हाक मारली आणि मागवली ती सुती दोरी! पायजम्याच्या नाडीची थोरली बहीण म्हणा. स्पार्क प्लग काढून त्यांनी त्या भोकातून दोरी सिलिंडरात सोडली आणि इंजिन हातानं फिरवून पिस्टन वर आणला. आत दोरीची गादी झाली आणि तिच्यावर दोन्ही व्हॉल्व्ह दबून राहिले. आता स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह खाली पडायची भीती नाही. दोरीचं एक टोक त्यांनी आठवणीनं बाहेर ठेवलं होतं. म्हणाले, “आत कुणालाबी पाठवायचं तर एक टोक आपल्या हातात पाहिजे.” कर्ज देताना आम्ही नेमकं हेच करतो; त्याला तारण म्हणतात.

मग स्प्रिंग दाबून धरायची, तिच्या टोपीतली दोन चिमुकली लॉकं लोहचुंबकानं उचलायची, जुनी काढायची, नवी बसवायची, लॉकं परत घालायची. असं आठ वेळा. या लॉकांचा आकार तांदळाच्या दाण्याएवढा नसला तरी स्वभाव पाऱ्याचा. एक उडालं आणि पुढचा अर्धा तास मी, चाचा आणि पोरगा असे तिघं मातीत उकिडवे बसून होतो. ये-जा करणाऱ्या एका खातेदारानं मला त्या अवस्थेत पाहून नमस्कार केला. मीही बसल्या जागेवरून केला.

आठही जुन्या स्प्रिंगा निघाल्यावर चाचांनी त्यांची परीक्षा घेतली. व्हाइसमध्ये एक नवी आणि एक जुनी स्प्रिंग टोकाला टोक लावून धरायची, मध्ये एक वायसर, आणि हळूहळू आवळायचं. दाब दोघींवर सारखाच. जी जास्त आखडेल ती थकलेली. इतकी निर्मळ परीक्षा मी दुसरी पाहिलेली नाही. यात वशिला नाही, गोपनीय अहवाल नाही. निकाल असा लागला, की सातांपैकी दोन थकल्या होत्या आणि पाच अगदी नव्याच्या तोडीच्या होत्या.

“चाचा, मग या पाच परत घालू या की!”

चाचांनी मान हलवली. “हे आजचं सांगते, उद्याचं नाही. आत चीर पडली असेल तर ती कुणाला दिसती? आणि पुन्हा उघडायची मजुरी तुम्हीच देणार ना?”

हे मला पटलं. लोखंडाला विचारता येत नाही, बाई तुला कुठं दुखतं का. म्हणून अंदाजानं काढायचं. आमच्याकडेही २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली होती; वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षांची असली की अर्ज करायला मोकळा. लाखाच्या घरात माणसं गेली. मी तेव्हा बँकेत नव्हतो, पण आज चाळिशी ओलांडल्यावर ती अट आठवली की मान आपोआप ताठ होते. तरी तिथं अर्ज तरी माणसानं स्वतः करायचा होता.

याच वेळी गॅरेजात ऊसतोडीचा एक मुकादम ट्रॅक्टर घेऊन आला. दसरा जवळ आला होता. आपल्या जिल्ह्यातली माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघायचे हे दिवस. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं ‘एक कोयता’ म्हणतात. उचल आगाऊ घ्यायची आणि चार-सहा महिने ती फेडायची. मुकादम चाचांना म्हणाला, “जे जे मोडंल असं वाटतंय ते सगळं आत्ताच बदला. तिकडं फडात बंद पडलं तर खाडा व्हतो.”

शहाणा माणूस, असं मला वाटलं. पण तो ‘खाडा’ शब्द माझ्या डोक्यात अडकला, कारण तो मी ट्रॅक्टरच्या आधी बायकांच्या संदर्भात ऐकला होता. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांतही सुटका नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं तर ‘पिशवी काढून टाका, पुढं कॅन्सर व्हायचा’ ही भीती. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढं जी पाहणी आली तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांत तिशीतल्याही होत्या. पुढं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करू नये, असा नियम झाला.

मी आकड्यांचा माणूस. दिवसभर आकडे लिहितो आणि संध्याकाळी विसरतो. हा विसरलो नाही.

मोडायच्या आधीच काढून टाका, म्हणजे खाडा होणार नाही. तर्क तोच, चाचांचा आणि मुकादमाचा. मग तो स्प्रिंगेला शहाणपणाचा आणि बाईला अन्यायाचा कसा? आमच्या हिनं आमटीवर विचारलेला प्रश्न हाच होता आणि त्याचं उत्तर मला त्या दिवशी लोखंडाच्या तुकड्यांकडे बघता बघता सुचलं. गाडीच्या बाबतीत ठरवणारा मी, पैसे भरणारा मी आणि घाटात अडकणाराही मीच. निर्णय आणि नुकसान एकाच खात्यावर. तिकडं खाड्याची भीती एकानं घालायची, सल्ला दुसऱ्यानं द्यायचा, फी त्यानंच घ्यायची, आणि टाके तिसरीच्या पोटाला. जमा एकाच्या नावे आणि खर्च दुसरीच्या नावे, अशी नोंद आमच्या बँकेत सापडली तर रात्री आठपर्यंत कुणी घरी जात नाही.

आणि दुसरं असं, की स्प्रिंगेला बोलता येत नाही, बाईला येतं. जिला विचारता येतं तिला न विचारता, किंवा आधी घाबरवून मग विचारून, जे काढलं जातं त्याला देखभाल म्हणू नये. काळजी घ्यायचीच तर फडात आडोसा बांधता येतो, पाणी देता येतं, एक दिवसाची सुटी देता येते. हे स्प्रिंग बदलण्यापेक्षा सोपं आहे. दोरीसुद्धा लागत नाही.

गाडी त्या संध्याकाळी सुरू झाली. चाचांनी टॅपेट सेट केले, कान लावून ऐकलं आणि बॉनेट आपटलं. आठही स्प्रिंगा नव्या. थकलेल्या दोन आणि मोडलेली एक भंगारात गेल्या. चांगल्या पाच मात्र चाचांनी तारेत ओवून खिळ्याला अडकवल्या. म्हणाले, “कुणाची गाडी रात्री-बेरात्री अडली तर कामी येतील.”

त्यातली एक मी मागून घेतली. आता ती माझ्या काउंटरवर असते. पंखा सुरू झाला की व्हाउचरं उडतात, त्यांच्यावर ती ठेवतो. परवा गेवराईकडचे एक म्हातारे पेन्शन काढायला आले होते. त्यांनी ती उचलून पाहिली, अंगठ्यानं जोर लावून दाबली, सोडली. हातानं कितीशी दबणार? होती तशीच उभी राहिली.

“साहेब, ही तर चांगली हाय की,” ते म्हणाले. “मग काढली का म्हून?”

मी त्यांचं पासबुक छपाईच्या यंत्रात सरकवलं.