पिठाचा कोंबडा

शांघायच्या श्याओलोंगबाओचं वर्णन ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे उकडीचा मोदकच येतो. तशाच पाडलेल्या कळ्या, तशीच वाफ. पारी मात्र गव्हाची, आणि आत गूळ-खोबऱ्याऐवजी मांसाचं सारण नि कढत रस्सा! हा रस्सा आत भरतात कसा? डुकराची कातडी तासन्‌तास उकळायची, तो अर्क गार करून गोठवायचा आणि बारीक करून सारणात कालवायचा. वाफ लागली की तो वितळतो. म्हणजे वरचं सारण बदलून भागत नाही. खेकड्याच्या म्हणून मिळतात त्यांतही बहुधा डुकराचं मांस असतंच. चिनी भाषेत नुसतं 'रौ', म्हणजे मांस, म्हटलं तरी ते डुकराचंच धरतात.

बरं, 'डुकराविना' हे मागणंही सगळ्यांचं एक नसतं. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात गोमांसाच्या रसदार पुरचुंड्या मिळतात. 'छिंगचेन' ही पाटी दिसली की मुसलमान प्रवासी निर्धास्त होतो. आपल्याला तिचा काय उपयोग? आपण शोधायची ती बौद्ध शाकाहारी खाणावळ. शांघायचं गोंगदलिन १९२२ पासूनचं, याच परंपरेतलं. गंमत म्हणजे या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य! आपलं निम्मं काम परस्पर झालं. रश्श्यासाठी समुद्री शेवाळाचं अगर-अगर वापरता येतं, तेही वाफेत वितळतं. राहता राहिली सारणातली अळिंबी. ती आपल्यात पुष्कळ घरी चालत नाही, विचारून घ्यावं.

इथवर सोपं आहे. पण मांसाच्या रूपाचं काही खाणं म्हणजे मनानं मांस खाणंच नव्हे का, असं आपल्या बायका विचारतात, आणि लगेच यशोधराची कथा पुढे करतात. सोमदेवांनी ती संस्कृतात लिहिली, १२०९च्या सुमारास जन्नानं कन्नडमध्ये. आपल्या सीमाभागात बस्तीत ऐकून अनेकींना ती पाठ. आईच्या आग्रहापुढे राजानं खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीला बळी दिला, आणि तेवढ्यापायी मायलेकांना मोर, कुत्रा असे जन्म घेत फिरावं लागलं.

कथा मोठी आहे, पण इथे ती लावणं मला पटत नाही. राजानं तलवार उचलली ती जीव घेण्याच्या संकल्पानं. पीठ नुसतं निमित्त. बौद्ध खाणावळीतला आचारी तेच पीठ मळतो ते कुणाचा जीव जाऊ नये म्हणून. द्रव्य एक, भाव अगदी उलटे. शिवाय जन्मात मांस न चाखलेल्या बाईला डुकराच्या चवीची ओढ लागणार कुठून? तिला कुतूहल असतं ते पिठात कोंडलेल्या रश्श्याचं. आणि सोबतचे सगळे एका ताटातलं खात असताना आपण हात आखडून बसू नये, एवढंच. हां, 'एकदाचं डुकरासारखं खाल्लं बाई!' अशा मिटक्या मारणारी असेल, तर तिनं सामायिकाला बसून आपलं आपण बघावं. तिच्या वतीनं मी उत्तर देणार नाही.

आणि अशी खाणावळ मिळालीच नाही तर? साधा भात नि परतलेली पालेभाजी मागावी. भाजी कशात परतली तेही विचारावं, कारण डुकराची चरबी वापरायची रीत तिकडे जुनी आहे. आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यावं.