कर्म आपले, भोग पोवळ्यांचा

सज्जनहो, करील तो भोगील, असे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण करणारा एक आणि भोगणारा भलताच असेल, तर त्या कर्माचा दोष कोणाकडे?

अरबी समुद्रातली लक्षद्वीपची बेटे पोवळ्यांच्या जिवांनी रचलेली आहेत. हा इवलासा जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन घर बांधतो. घरावर घर चढत जाऊन त्याची भिंत होते, ती लाटा अडवते. समुद्रातल्या सुमारे पाव जीवजातींना अशा प्रवाळभिंतींचा आसरा असतो.

पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करून यजमानाला देते. त्याचा रंगही बहुतेक त्या शेवाळाचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की हा सहवास मोडतो. शेवाळ निघून जाते, पोवळे पांढरे पडते. वेळेवर गारवा आला तर सावरते, नाही तर उपासमारीने मरते. लक्षद्वीपात १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे घडले. एका तडाख्यातून सावरायला दहा-दहा वर्षे लागतात, तेवढी उसंतही आता मिळत नाही.

हा ताप आला कुठून? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने निघणारा वायू पृथ्वीभोवती उष्णता कोंडतो. त्या वाढीव उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे.

आपण माळ घातली, मांस-मच्छी सोडली, मुंगीलाही जपतो. मग न दिसणारा जीव भूतदयेच्या बाहेर कसा? कळत नव्हते तोवर ते अजाणता घडले. कळल्यावरही तसेच चालवले, तर अजाणतेपणाची सबब उरत नाही.

म्हणून दिंडीमागच्या गाड्या मोजक्या ठेवाव्यात. सप्ताह उठल्यावर मंडपातली रोषणाई बंद व्हावी. मठाच्या, मंदिराच्या छतावर सौरऊर्जा यावी. मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. तिथे गेलात तर त्यांवर पाय देऊ नका, तुकडा उचलू नका, कायद्यानेही ती मनाई आहे. आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. ती कधी बदलणार, हे मत मागायला येणाऱ्याला विचारा. घरचा दिवा विझवून एवढे मोठे काम पुरे होणार नाही.

माझ्या एकट्याने काय होणार, असे म्हणाल. माउली, एकट्याने वारी होत नाही हे खरे. पण एकेकाने घर सोडल्यावाचून वारी निघत नाही, हेही तितकेच खरे.

रामकृष्ण हरी!