वंगण

पूर्वी बैलगाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची. चाक कुरकुरलं की गाडीवान खाली उतरायचा, आसाला वंगण लावायचा आणि पुढे निघायचा. गाड्या कमी झाल्या, शब्द राहिला. ‘वंगण घातल्याशिवाय फाइल हलत नाही,’ असं आपण हसत हसत म्हणतो. मला ते हसणं खटकतं. चांगल्या शब्दाला लाचेच्या कामाला जुंपलंय आपण!

वंगण दोन धातूंच्या मध्ये पातळ थर धरतं, म्हणून ते एकमेकांना खात नाहीत. सासू-सुनेत, भावाभावांतही असा थर लागतो. ‘राहू दे, मी करते,’ एवढंही पुरतं कधी कधी. पण प्रमाण हवं. शिलाई मशीनच्या बारीक भोकांत तेल थेंब थेंबच सोडतात. जास्त झालं तर कापडाला डाग पडतो, वर धूळ चिकटते आणि तीच धूळ यंत्र झिजवते. फार गोड बोलणाऱ्यापासून लोक चार हात लांब राहतात, ते उगाच नाही.

आज मशीनला तेल घालणार असाल, तर आधी साचलेले दोरे आणि धूळ काढा. मग तेल घातल्यावर चिंधीवर चार टाके मारून बघा.