थांबणे हीही वारीच

वारकऱ्याचा धर्म चालण्याचा. पण चालणाऱ्याला थांबावे केव्हा हेही कळले पाहिजे. आज एवढाच विषय घेऊ.

२५ सप्टेंबर २०१९, भाद्रपद वद्य एकादशी. त्या रात्री पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या बाजूला ढगांच्या गडगडाटासह असा पाऊस कोसळला की, एरव्ही ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही तो आंबील ओढा घराघरांत शिरला. भिंती पडल्या, मोटारी पाचोळ्यासारख्या वाहिल्या. घाटापलीकडे खेड शिवापूरलाही माणसे वाहून गेली. शहर व आसपास मिळून विसाहून अधिक जीव गेले. कोणी म्हणतील, देवाचा कोप. अहो, ओढ्याची वाट बुजवली आपण, आणि बोल देवाला लावायचा?

कीर्तनात आम्हांस एकाने शंका विचारली, "महाराज, माउलीचे नाव घेऊन पाण्यात पाऊल टाकले तर माउली तारणार नाही काय? यमुनेने वसुदेवाला वाट दिलीच ना?" शंका चांगली आहे, समाधान ऐका. वसुदेव भगवंताच्या आज्ञेने निघाला होता. आपल्याला पंढरीस लवकर पोहोचण्याची घाई असते. ती घाई आपली, आज्ञा देवाची नव्हे. देवाने दिलेला देह पणाला लावून देवाची परीक्षा पाहणे, याला शास्त्रात साहस म्हणतील, श्रद्धा नव्हे.

आणि पाण्याचे बळ डोळ्यांना दिसत नाही. अर्धा फूट वाहते पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलते. दोन फुटांत मोटार तरंगून वाहू लागते. रस्त्याचे तर त्याहून कठीण. मोरी तुंबली की पाणी भरावाखालची माती ओढून नेते. वर डांबर शाबूत, खाली पोकळ! मनुष्याचेही असेच आहे. वर टिळा-माळ शाबूत आणि आतली दया वाहून गेलेली, असा वारकरी पहिल्याच ओझ्याला खचतो.

दया म्हणजे काय, ते महाडजवळ दिसले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा जुना दगडी पूल पुरात गेला. एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या ते ध्यानी आले आणि त्याने भर पावसात, अंधारात पुढल्या गाड्या अडवल्या. त्याच्या गळ्यात माळ होती की नाही, ते आम्हांस ठाऊक नाही. पण विठ्ठल त्या रात्री कोणाच्या रूपाने रस्त्यावर उभा होता, हे सांगायला पोथी उघडावी लागत नाही.

म्हणून कार्तिकीला निघणाऱ्या दिंड्यांना आमची विनंती एवढीच. फरशीवरून पाणी वाहत असेल तर विणेकऱ्याने थांबावे. म्हणजे दिंडी आपोआप थांबेल. गावकऱ्यांना विचारावे. ओढ्याकाठी मुक्काम करू नये, वीज कडाडत असता झाडाखाली उभे राहू नये. पाणी ओसरले तरी भराव खचला नाही ना, हे पाहूनच पाऊल टाकावे. दोघांनी मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात करावा. तोवर बाकीच्यांनी कोरड्या जागी हरिपाठ म्हणावा.

पांडुरंग अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे. आपल्यासाठी तो आणखी चार घटका उभा राहणार नाही काय?

रामकृष्ण हरी!